कळ कुणाच्या हातात

१९४५ साली जपानमधलं कोबे शहर दोनदा पेटलं. एकदा मार्चमध्ये, पुन्हा जूनमध्ये. बी-२९ विमानांनी आगबाँब टाकले आणि लाकडी घरांची आळीच्या आळी राख झाली. मित्सुतेरू योकोयामा हा त्याच शहरातला पोरगा. जन्म १९३४चा, म्हणजे तेव्हा दहा-अकरा वर्षांचा. बाँबफेकीच्या भीतीनं शहरातली मुलं गावाकडे पाठवली जात होती, तसा तोही तोत्तोरी भागात गेला होता. लढाई संपल्यावर परतला, तर ओळखीचं शहर जागेवर नव्हतं. नुसतं सपाट मैदान.

पुढे हा पोरगा चित्रकथाकार झाला. १९५६ साली ‘शोनेन’ या मुलांच्या मासिकात त्यानं एक मालिका सुरू केली, ‘तेत्सुजिन २८’. तेत्सुजिन म्हणजे लोहपुरुष. युद्धाच्या शेवटच्या काळात जपानी लष्करानं गुप्तपणे एक प्रचंड यंत्रमानव बनवायला घेतला, सत्तावीस प्रयत्नांनंतर अठ्ठाविसावा जमला, पण तोवर युद्धच संपलेलं, अशी ती कथा. आता या लोखंडी धुडाचं करायचं काय? त्याचा ताबा येतो शोतारो नावाच्या दहा वर्षांच्या गुप्तहेर पोराकडे. अर्ध्या चड्डीतला, टाय लावणारा, गाडी चालवणारा आणि वेळ पडली तर पिस्तूल काढणारा पोरगा. त्याला गाडीचा परवाना कुणी दिला हे कुणी विचारत नाही. चित्रकथेत असले प्रश्न विचारायचे नसतात.

ही कल्पना कुठून आली हे योकोयामानं स्वतः सांगून ठेवलंय. कोबेवर आलेली बी-२९ विमानं, जर्मनांची व्ही जातीची अस्त्रं आणि सिनेमातला फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस, या तीन गोष्टी त्याच्या डोक्यात एकत्र झाल्या. तिन्हींत समान काय, तर माणसानं घडवलेली, माणसाहून मोठी आणि मनात काही नसलेली ताकद.

त्याच मासिकात ओसामु तेझुकाचा ‘अणुपुत्र आतोम’ १९५२पासून गाजत होता. तोही यंत्रमानवच, पण लहान मुलाएवढा. त्याला मन होतं. तो रडायचा, चिडायचा, चूक-बरोबर स्वतः ठरवायचा. लोहपुरुषाचं तसं नव्हतं. त्याला बोलता येत नव्हतं, विचार करता येत नव्हता. एका पेटीवरच्या कळा फिरवल्या की तो उडायचा, मारायचा, थांबायचा. पेटी शोतारोच्या हातात असली की भला, चोरांच्या हातात गेली की वाईट. आणि पेटी सारखी कुणाच्या तरी हातात जातच असे. गोष्टीचा सगळा जीव त्या पेटीत. पान उलटताना लोहपुरुषाच्या मुठीपेक्षा आपली नजर पेटीकडे जास्त. ती टेबलावर विसरली गेली की वाचणाऱ्याच्याच पोटात गोळा येतो.

हे सगळं वाचायला मला वयाची चाळिशी ओलांडावी लागली. मोरगावात लहानपणी आम्हाला भेटला तो योकोयामाचा दुसरा यंत्रमानव, आणि तोही कागदावर नाही, पडद्यावर.

त्याची हकिगत अशी. १९६७मध्ये योकोयामानं ‘जायंट रोबो’ ही नवी चित्रकथा सुरू केली. त्याच वर्षी ११ ऑक्टोबरला तोएई कंपनीनं तिच्यावर बेतलेली दूरचित्रवाणी मालिका जपानमध्ये सुरू केली. कार्टून नव्हे, खरी माणसं, आणि रबरी-पत्र्याच्या पोशाखात घुसलेला नट. पुठ्ठ्याच्या इमारती, बाहुलीएवढे पूल, पाण्याच्या टाकीत खेळण्यातली जहाजं. एकूण २६ भाग, शेवटचा १ एप्रिल १९६८ला. अमेरिकन इंटरनॅशनल कंपनीनं ती घेतली, इंग्रजी आवाज चढवले, नायक दाइसाकूचं नाव जॉनी सोको केलं आणि १९६९पासून अमेरिकेत दाखवली. पुढे त्यातलेच काही भाग जोडून एक सिनेमाही विकला. फिरत फिरत ती ऐंशीच्या दशकात आपल्या दूरदर्शनवर पोचली. जपानात ती पाहिलेली पोरं बाप झाली होती, तेव्हा इकडे आमची पाळी आली.

मोरगावला चित्र यायचं सिंहगडावरून. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, आणि वर्षभरानं, १९७३मध्ये, पुण्यासाठी सिंहगडावर प्रक्षेपण केंद्र उभं राहिलं. १९७५-७६मध्ये उपग्रहावरून खेड्यांत टीव्ही पोचवण्याचा ‘साइट’ प्रयोग झाला, पण तो ज्या सहा राज्यांत झाला त्यांत महाराष्ट्र नव्हता. त्यामुळे आमच्या भागाची सगळी भिस्त सिंहगडाच्या मनोऱ्यावर. गडापासून मोरगाव सरळ रेषेत साठेक किलोमीटर, आणि मध्ये पुरंदरकडच्या डोंगररांगा. कऱ्हा नदी तिकडूनच वाहत येते. पाणी सुखरूप यायचं, चित्र मात्र धडपडत यायचं. घरावर लोखंडी पाइपाला पाइप जोडून अँटेना उंच करायची. एक जण पत्र्यावर, एक जण दारात, एक जण टीव्हीसमोर.

“आलं का?”

“मुंग्या आल्या.”

“आता?”

“आता दोन-दोन माणसं दिसत्यात. थोडं जेजुरीकडं फिरव.”

लाकडी शटरचा कृष्णधवल टीव्ही असायचा. कुलूप लावता यायचं त्याला, आणि ज्यांच्या घरी होता ते लावायचेही. ‘आमची माती आमची माणसं’ला मोठी माणसं पुढे बसायची, ‘छायागीत’ला सगळंच घर. ‘जायंट रोबोट’ लागला की मात्र मोठ्यांना त्यात गम्य नसे आणि पोरांना पहिली रांग मिळे.

गोष्ट आम्हाला बोलण्यातून फारशी कळत नव्हती. ओठ एक बोलायचे, आवाज दुसरंच. पण कळायचं सगळं. समुद्राच्या तळाशी परग्रहावरचा बादशहा गिलोटिन यानात बसलाय. तोंडाला मिशांसारख्या सोंडा. त्याची टोळी जगभर राक्षस सोडते. या टोळीनं एका बेटावर एका शास्त्रज्ञाला डांबून एक यंत्रमानव बनवून घेतलाय. चेहरा इजिप्तच्या पिरॅमिडमधल्या राजासारखा, उंची तीस मीटर. जॉनी आणि एक गुप्तहेर बोट बुडाल्यामुळे त्या बेटावर येऊन पडतात. यंत्रमानव चालू करण्याचं घड्याळासारखं उपकरण पोराच्या हातात येतं. तो शास्त्रज्ञ सांगतो की, चालू झाल्यावर पहिला आवाज ज्याचा ऐकेल, त्याचाच हुकूम हा मानेल. मग अणुस्फोट होतो, यंत्रमानवाच्या अंगात ऊर्जा भरते, आणि पहिला आवाज पोहोचतो तो या पोराचा.

झालं. ना परीक्षा, ना गुरू, ना कुलशील. तीस मीटर उंचीचं, बोटांतून क्षेपणास्त्रं सोडणारं, तोंडातून जाळ ओकणारं यंत्र एका शाळकरी पोराचं झालं, कारण तो तिथे हजर होता आणि बोलला.

दुसऱ्या दिवशी शाळेत अर्ध्या वर्गाच्या मनगटावर बॉलपेननं घड्याळं काढलेली. काटे नाहीत, नुसती एक गोल जाळी, बोलायला. मास्तर पाठमोरे झाले की मनगट तोंडाजवळ.

आता मागे वळून पाहताना मला एका गोष्टीचं नवल वाटतं. ही गोष्ट आम्हाला कुणी समजावून सांगितली नव्हती, तरी ती परकी वाटली नाही. यंत्र परकं होतं, हिशेब ओळखीचा होता. मोरगावच्या पोराला तो हिशेब देवळातच कळतो.

मयूरेश्वराच्या देवळात येणाऱ्याला सांगितली जाणारी कथा अशी. चक्रपाणी राजाला सूर्याच्या उपासनेनं मुलगा झाला, सिंधू. या सिंधूनंही सूर्याची आराधना केली आणि अमृताचं पात्र मिळवलं. अट एकच, पात्र शाबूत आहे तोवर त्याला मरण नाही. सिंधू हुशार. पात्र कुठे ठेवलं तर कुणी फोडेल, चोरेल, म्हणून त्यानं ते गिळूनच टाकलं. मग देवांना जिंकलं, कैदेत टाकलं. शेवटी गणपती मोरावर बसून आला, सिंधूचा सेनापती कमलासुर मारला, सिंधूचं पोट फाडून पात्र रिकामं केलं, आणि मग त्याला मारलं. शोतारोच्या गोष्टीतल्या चोरांना ही युक्ती सुचली नाही. पेटी गिळायची.

सूर्यानं अमृत देताना सिंधूला ‘कशाला हवं?’ असं विचारलं नाही. आपल्या पुराणांत देव कधी विचारतच नाहीत. तप पुरं झालं की वर द्यायचा, मग पुढे बसलेला साधू असो की असुर. भस्मासुराला शंकरानं हात दिला आणि तोच हात स्वतःच्या डोक्यावर येऊ लागल्यावर पळत सुटला. हिरण्यकशिपूच्या अटींची यादी ब्रह्मदेवानं मुकाट मान्य केली. वर हा वापरणाऱ्याचा, देणाऱ्याचं काम देऊन संपलं. तपाच्या जागी अपघात ठेवला आणि वराच्या जागी मनगटावरचं यंत्र, की योकोयामाची चित्रकथा तयार होते. दोन्हीकडे खरा प्रश्न ताकद किती हा नाहीच. कळ कुणाच्या हातात, एवढाच.

म्हणून मला तेझुकाच्या मन असलेल्या यंत्रपोरापेक्षा योकोयामाचं मख्ख लोखंड अधिक खरं वाटतं. ज्याचं शहर विमानांनी जाळलं, त्याला ठाऊक होतं की विमानाला राग नसतो.

मग साधा प्रश्न पडतो. पुराणातले धिप्पाड असुर काढणारे कसलेले चित्रकार आपल्याकडे होते, चित्रकथांचा धंदा होता, वाचायला पोरं होती. मराठी चित्रकथेत लोखंडी राक्षस का उभा राहिला नाही?

धंदा सुरू झाला मार्च १९६४मध्ये. टाइम्स ऑफ इंडिया चालवणाऱ्या बेनेट कोलमन कंपनीनं ‘इंद्रजाल कॉमिक्स’ काढलं. पहिला अंक फँटमच्या पट्ट्याच्या गोष्टीचा, किंमत साठ पैसे. पहिले ३२ अंक सगळे फँटमचेच. मग मँड्रेक आला, फ्लॅश गॉर्डन आला, १९७६मध्ये आबिद सुरती यांचा देशी बहादूर आला, चित्रं गोविंद ब्राह्मणिया यांची. मराठीसह अनेक भाषांत ती पुस्तकं निघाली. मराठीत फँटमचा वेताळ झाला आणि पोरांनी ते बिनतक्रार मान्य केलं, कारण वेताळाचं ठाणं शिवेवर असतंच. आणखी काही बदल संपादकांनी काळजीनं केले. मूळ गोष्टीतलं बेंगाली हे जंगल हिंदुस्थानातलं वाटू नये म्हणून त्याचं डेंकाली झालं. सिंग टोळीचे चाचे सिंगा झाले. बापाचा खून करणाऱ्या रामा नावाच्या खलनायकाचा रामालू केला. या एका अक्षरानं किती मोर्चे टळले असतील कुणास ठाऊक.

बारामतीच्या एसटी स्टँडवर, पुण्याच्या गाडीची वाट बघताना, ही पुस्तकं दोरीवर चिमट्यानं लटकलेली दिसायची. विकत घेणारे थोडे, उभ्या उभ्या वाचणारे फार. एक प्रत गावात आली की ती पंधरा घरं फिरून मुखपृष्ठाविना परत यायची.

याच इंद्रजालच्या सुरुवातीच्या काळात टाइम्समध्ये अनंत पै होते. परदेशी नायक इतके खपतात तर आपले का नाहीत, या विचारानं त्यांनी १९६७मध्ये ‘अमर चित्र कथा’ सुरू केली. दूरदर्शनवरच्या प्रश्नमंजूषेत दिल्लीच्या मुलांना ग्रीक देवांची नावं येत होती, रामाच्या आईचं नाव येत नव्हतं, हा त्यांचा नेहमी सांगितला जाणारा किस्सा. आणि इथे मराठी माणसं मोठ्या संख्येनं आत आली. ‘कृष्ण’ काढला राम वाईरकरांनी. ‘शिवाजी’ची चित्रं पुण्याच्या प्रताप मुळीकांची आणि संहिता भा. रा. भागवतांची. हो, तेच भागवत, ज्यांच्या फुरसुंगीच्या बन्या फेणेवर आमची पिढी जीव टाकायची आणि ज्यांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला.

मला हे दोघे एका पुस्तकात पाहून अजूनही हळहळ वाटते. एकाला व्हर्न तोंडपाठ, दुसऱ्याच्या रेषेला कुठलंही आकारमान भारी नाही. यांना कुणी एखादं यंत्राचं अचाट साहस काढायला सांगितलं असतं तर? कुणी सांगितलं नाही. पैंच्या पुस्तकांना पालक पैसे द्यायचे, कारण त्यातून मूल काही शिकत होतं. फँटमला पालक पैसे द्यायचे नाहीत, तरी ती पुस्तकं खपायची, कारण परदेशातून तयार चित्रं मिळत होती, घडवायचा खर्च नव्हता. मधली जागा, म्हणजे आपल्या चित्रकारानं आपल्या पोरांसाठी नुसत्या मजेकरता रचलेलं साहस, तिला गिऱ्हाईकही नव्हतं आणि मालकही.

मुळीकांची रेषा मात्र थांबली नाही. ऐंशीच्या दशकात अमिताभ बच्चनला नायक करून ‘सुप्रीमो’ नावाची चित्रकथा निघाली, ती त्यांनी काढली. १९८६मध्ये दिल्लीच्या राज कॉमिक्सनं ‘नागराज’ आणला, त्याचा पहिला अंक मुळीकांचाच, आणि पुढची कित्येक वर्षं त्याचं हिरवं, खवल्यांचं शरीर पुण्यात घडत राहिलं. हिंदी पट्ट्यातल्या पोरांचा सर्वांत लाडका महानायक मराठी हातानं काढलेला आहे हे त्या पोरांना माहीत नव्हतं, आणि मराठी पोरांनाही. स्टँडवर तो मिळायचा तो हिंदीतच. शेजारी प्राण यांचा ‘चाचा चौधरी’, गुरू ग्रहावरून आलेल्या साबूसह. साबू हा आमच्या ओळखीचा एकमेव परग्रही धिप्पाड. पण तो हाडामांसाचा, ढीगभर पोळ्या खाणारा, चाचाजींच्या घरात राहणारा. त्याला कळ नव्हती. त्याला चाचीच्या हातचं जेवण होतं. त्याला पळवून कुणी वाईट कामाला लावेल ही भीतीच नाही, म्हणजे योकोयामाची गोष्ट तिथे सुरूच होऊ शकत नाही.

१९९०मध्ये इंद्रजाल बंद पडलं. तोवर आठशेवर अंक निघाले होते, त्यांतले निम्म्याहून जास्त फँटमचे.

तिकडे जपानात लोखंड वाढतच गेलं. १९७२मध्ये गो नागाई याच्या ‘माझिंगर झेड’मध्ये पोरगा थेट यंत्रमानवाच्या डोक्यात चढून बसला. वाहनांच्या खोळंब्यात अडकलेल्या गाडीला हातपाय फुटले तर, अशा विचारातून नागाईला ते सुचलं म्हणतात. त्यातला मरणारा आजोबा नातवाला यंत्र देताना बजावतो की, याच्या जोरावर तू देव होऊ शकतोस किंवा सैतान. हा आजोबा सूर्यदेवाहून बरा म्हणायचा. निदान बोलला तरी.

योकोयामा स्वतः मात्र यंत्रांपासून दूर गेला. १९७१ ते १९८७ अशी सोळा वर्षं खपून त्यानं चिनी ‘तीन राज्यां’ची कथा साठ खंडांत काढली. जपानात कित्येकांना तो इतिहासासाठीच आठवतो. १९९२पासून यासुहिरो इमागावा या दिग्दर्शकानं ‘जायंट रोबो’ नव्यानं चितारला तेव्हा त्यात योकोयामाच्या इतर पुस्तकांतले चिनी वीरही ओढून आणले. आपल्याकडे यंत्रमानवाच्या खांद्यावर भीम बसावा तसं. कमाल म्हणजे ते शोभलं. २००४मध्ये घराला लागलेल्या आगीत योकोयामा गेला.

१९९५च्या भूकंपानं कोबे पुन्हा पाडलं. नागाता हा भाग तर कोसळला आणि वर जळलाही. पुन्हा उभं राहण्याच्या खटाटोपात तिथल्या लोकांनी आपल्या गाववाल्याची आठवण काढली आणि २००९मध्ये एका बागेत पोलादी लोहपुरुष उभा केला. गुडघे वाकवलेला, मूठ आकाशाकडे. उंची १५.६ मीटर, म्हणजे एक्कावन्न फूट. मयूरेश्वराच्या देवळाची तटबंदी पन्नास फूट सांगतात. आपल्या चार मनोऱ्यांच्या मधून त्याचं नुसतं डोकं वर आलं असतं. नंदीच्या शेजारी त्याला जागाही मिळाली असती. मोरगावच्या गणपतीपुढे शंकराचा नंदी कसा, याचं उत्तर गावात असं देतात की, दुसऱ्या देवळाकडे नेताना त्याचा गाडा इथे मोडला आणि तो हलायलाच तयार होईना. इथे अडकलेल्याला इथलाच करून घ्यायची रीत जुनी आहे.

‘जायंट रोबोट’च्या शेवटच्या भागाचं सांगायचं राहिलं. गिलोटिन स्वतः समुद्रातून वर येतो, प्रचंड होतो. त्याच्या अंगात अणुऊर्जा भरलेली, त्याला मारलं तर पृथ्वीच फुटेल. म्हणजे पुन्हा सिंधूचंच पात्र, फोडलं तरी पंचाईत. मग यंत्रमानव त्याला मिठीत धरतो आणि आकाशात झेपावतो. जॉनी मनगटात ओरडतो, परत ये, परत ये. सव्वीस भागांत ज्यानं या पोराचा एकही हुकूम मोडला नव्हता, तो पहिल्यांदाच ऐकत नाही. वर वर जातो आणि एका उल्केवर आदळून दोघंही संपतात.

हे योकोयामाच्याच हिशेबात बसत नाही. ज्या लोखंडाला मन नाही असं इतके दिवस ठासून सांगितलं, त्यानं आपल्या मनानं कसं काय केलं? सिंधूच्या पात्रानं सिंधूला कधी नाही म्हटलं नाही, भस्मासुराच्या हातानंही नाही. मालिका लिहिणाऱ्यांनी शेवट रडवणारा व्हावा म्हणून नियम मोडला, असं मी आज म्हणेन. पण मोडला तो अचूक जागी मोडला.

दुसऱ्या दिवशी वर्गात यावरच कज्जा. एक पक्ष म्हणाला, त्याला जीव आला. दुसरा म्हणाला, जॉनीवर माया होती म्हणून. मागच्या बाकावरच्या एकाच्या घरी विहिरीवरची मोटार दुरुस्त करायला मिस्तरी यायचा, त्यामुळे यंत्रातला शेवटचा शब्द त्याचा असे. मनगटावरचं पुसट झालेलं घड्याळ खाजवत तो म्हणाला, “माया न्हाय अन् बिया न्हाय. लई वर गेला त्यो. रेंजच्या भाईर गेल्यावर काय ऐकू येनार त्याला?”